सुरतेच्या डॉक्टरीणबाई

सुरत हे नाव कानी पडताच मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाने ती आपल्या स्मरणात कायमची कोरून ठेवली आहेत. त्यानंतर मराठी माणूस सुरतेस गेला तो पोटासाठी. खानदेशातील हजारो कुटुंबे तेथील यंत्रमागांच्या आधाराने आज त्या शहरात नांदत आहेत. परंतु स्वारी आणि चाकरी या दोहोंखेरीज आणखी एका कारणासाठी एक मराठी स्त्री १८९५ साली सुरतेस गेली आणि वीस वर्षांहून अधिक काळ तेथे राहिली. तिच्या नावाचा डंका तत्पूर्वी दहा वर्षे साऱ्या हिंदुस्थानभर आणि विलायतेतही वाजून गेला होता. सुरतेतील तिचे काम मात्र इतके शांतपणे झाले, की आज त्याची आठवण करून द्यावी लागते. त्या म्हणजे डॉक्टर रखमाबाई.

मी व्यवसायाने वकील. रखमाबाईंची व माझी पहिली गाठ पडली ती कायद्याच्या वर्गात, 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' या मुकदम्याच्या निमित्ताने. परीक्षेपुरता तो मुकदमा पाठ केला आणि १८८८ साली तडजोड होऊन तो संपला, असे इतर विद्यार्थ्यांप्रमाणे मीही समजून चाललो. पुढे कामानिमित्त सुरतेस जाणेयेणे घडू लागले, तेव्हा ध्यानात आले की या कथेचा उत्तरार्ध न्यायालयात नव्हे, रुग्णालयात घडला आहे. आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. स्त्रीच्या देहावर अधिकार कोणाचा? आणि तो देह दुखू लागला तर त्याला हात कोणी लावायचा, केव्हा लावायचा, हे ठरवणार कोण?

प्रथम मुकदम्याची हकीकत थोडक्यात सांगतो. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस सुतार ज्ञातीत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन या नामांकित डॉक्टरांशी पुनर्विवाह केला. त्या ज्ञातीत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. लग्न झाले, पण संसार सुरू झाला नाही. मुलगी सावत्र वडिलांच्या घरी राहिली, वाचू लागली, विचार करू लागली. दादाजींनी १८८४ साली वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. बाईंच्या बाजूने जे वकील उभे राहिले त्यांत आपल्या सारस्वत समाजाचे भूषण काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही होते, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. त्यांच्या निकालातील मर्म असे, की हा हक्क मुळात हिंदू धर्मशास्त्राचा नव्हेच; तो विलायतेतील विशिष्ट परिस्थितीत जन्मला आणि तेथून येथे आणून लावला गेला. जी स्त्री पतीजवळ कधी राहिलीच नाही, तिला बळाने त्याच्या हवाली करणे क्रूरपणाचे होईल, हेही त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. या निकालावर काहूर उठले. 'केसरी'ने परकीय न्यायाधीशाच्या या हस्तक्षेपावर कडक टीका केली. अपिलात निकाल फिरला, दावा पुन्हा सुनावणीस आला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली: एका महिन्यात पतीच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडमध्ये असा हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगात घालण्याची तरतूद पार्लमेंटाने १८८४ सालीच रद्द केली होती. म्हणजे ज्या उपायाचे बी विलायतेतून आले, त्याचा काटा विलायतेतील स्त्रीच्या पायातून काढून टाकल्यावर तीन वर्षांनी हिंदी स्त्रीच्या पायात रुतवला जात होता. धर्माचे नाव घेणारे आणि कायद्याचे नाव घेणारे, दोघेही या एका बाबतीत एकत्र आले. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. घटस्फोट झाला नाही. तसा मार्गच तेव्हाच्या हिंदू कायद्यात नव्हता.

सुटका झालेली ही स्त्री पुढे काय करील? समाजसुधारणेची व्याख्याने देत हिंडली असती, तर त्या काळी तिला श्रोत्यांचा तोटा नव्हता. तिने वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉक्टर एडिथ पीची यांचे तिला उत्तेजन होते. या पीचीबाईंची स्वतःची कहाणीही ऐकण्याजोगी आहे. १८७० साली एडिंबरो विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या उत्तम उतरल्या, पण केवळ स्त्री म्हणून त्यांच्या वाट्याची शिष्यवृत्ती दुसऱ्यास देण्यात आली. रखमाबाई १८८९ साली विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेत शिकल्या, आणि १८९४ साली परवाना मिळवला तो एडिंबरो व ग्लासगो येथील संस्थांचा. कारण लंडनच्या राजमान्य वैद्यकसंस्थांची परीक्षा देण्याची मुभा स्त्रियांना अद्याप मिळाली नव्हती. साम्राज्याच्या राजधानीतही हा दरवाजा बंदच होता, हे आपण विसरू नये.

आता सुरतेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडील बाईमाणूस आजारी पडली म्हणजे काय होत असे, हे सांगितल्याशिवाय रखमाबाईंच्या कामाचे मोल कळणार नाही. पुरुष वैद्यापुढे किंवा डॉक्टरापुढे ती जात नसे. नेलीच तर पडद्याआडून नाडी दाखवावयाची आणि दुखणे तिच्या तोंडून नव्हे, नवऱ्याच्या अगर सासूच्या तोंडून सांगावयाचे. बाळंतपण तर रोगात जमाच नव्हते. घरातील सर्वांत काळोखी, खिडकी नसलेली खोली बाळंतिणीची. तेथे बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी आणि दार बंद. विटाळाची खोली म्हणून चांगले पांघरूण तेथे जात नसे. फाटके, टाकून द्यावयाचे तेच जाई. सुईण कोठल्याही हत्याराने नाळ कापी. मुलांना धनुर्वात होई, आईला सूतिकाज्वर येई, आणि दोघांच्याही मरणाचा दोष नशिबावर किंवा सटवाईवर टाकून घर मोकळे होई.

आनंदीबाई जोशी यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्यांचे स्वतःचे वय चौदाच्या आत-बाहेर होते. वैद्यकीय मदतीच्या अभावाचा तो घाव उरात घेऊनच त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाची पदवी घेऊन त्या परतल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली; पण कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांना नेले. आनंदीबाईंना जे करावयास मिळाले नाही, ते हिंदी स्त्रियांमध्ये राहून दीर्घकाळ करण्याचे भाग्य रखमाबाईंना लाभले.

त्या सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात मुख्य म्हणून आल्या, तेव्हा इमारत होती, खाटा होत्या, औषधे होती. नव्हते ते रोगी. रुग्णालयात बाळंत होणे अशुभ, तेथे गेलेली परत येत नाही, अशी समजूत गावात रुजलेली. रखमाबाईंविषयी एक आख्यायिका सांगतात. त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली आणि तेथेच तिची प्रसूती करविली. शेळी व करडू दोन्ही धडधाकट असलेली लोकांनी पाहिली. मग हळूहळू बायका येऊ लागल्या. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण तीत शहाणपण मोठे आहे. अज्ञानी म्हणून त्या बायकांना त्यांनी हिणवले नाही, व्याख्यान दिले नाही, दंडाचा धाकही घातला नाही. त्यांची भीती खरी मानली आणि त्यांना दिसेल असे उत्तर दिले.

या कामाच्या भोवती जी सरकारी व्यवस्था होती, तिचे गुणदोष न्यायबुद्धीने पाहिले पाहिजेत. हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून व्हाइसरॉयपत्नी लेडी डफरिन यांनी १८८५ साली निधी उभारला. त्याआधीच मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली आणि किट्रेज या अमेरिकन गृहस्थांनी अशीच चळवळ केली होती, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली रुग्णालय उघडले होते, आणि १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दार मुलींना खुले झाले होते. डफरिन निधीने गावोगाव दवाखाने निघाले, सुईणींना शिक्षण मिळू लागले, हा उपकार मान्य केलाच पाहिजे. परंतु त्या व्यवस्थेत पायऱ्या होत्या. वर विलायतेत नोंदलेल्या लेडी डॉक्टर, त्यांच्याखाली असिस्टंट सर्जन, त्याहून खाली हॉस्पिटल असिस्टंट. वरच्या पायरीवर बहुतेक गोऱ्या स्त्रिया आणि खालच्या पायऱ्यांवर बहुतेक हिंदी, असा हा जिना होता. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली येथे शिकून डॉक्टर झाल्या असूनही त्यांना १८९३ साली विलायतेस जाऊन पुन्हा परवाने मिळवावे लागले. त्याशिवाय त्यांची योग्यता पुरी धरली जात नव्हती. १९१४ साली स्त्रियांची वैद्यकीय सेवा म्हणून जी सरकारी मदतीची नोकरी निघाली, तिच्याही वरिष्ठ जागा प्रथम बहुतांशी युरोपीय स्त्रियांकडेच गेल्या.

पुरुषांची गोष्ट वेगळी नव्हती. मांद्र्याचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या १८५१ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी. पण त्यांच्या काळच्या देशी पदवीधरास सरकारी नोकरीत मिळे ती दुय्यम सर्जनाची पायरी. या विषमतेला मुंबईने दिलेले उत्तर पुढे १९२६ साली परळला उभे राहिले. शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजासाठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली, की तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, सुविद्य हिंदी लोकच असले पाहिजेत. दानपत्रातील एका कलमाने एवढे काम केलेले मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

रखमाबाई सुरतेस आल्या आणि वर्षा-दीड वर्षातच प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तो प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. कायद्याचे हेतू आरोग्याचे होते, हात मात्र लष्कराचे. आगगाडीच्या फलाटावर बायकांची काख आणि जांघ परक्या पुरुषांनी चारचौघांत तपासावी, सोजिरांनी माजघरात, देवघरात शिरावे, हे लोकांना मरणाहून जड वाटले. पुण्यास २२ जून १८९७ रोजी काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्याच साथीत १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः बळी पडल्या. रोग एकच, पण सोजिराच्या हाताने आलेले औषध लोकांनी झिडकारले आणि सावित्रीबाईंच्या खांद्यावरून आलेली सेवा स्वीकारली. प्लेग सुरतेतही पोहोचला. तेथे रखमाबाई होत्या. ज्या बायका कोणाही परपुरुषापुढे आल्या नसत्या, त्या आपल्या बोलीत विचारपूस करणाऱ्या डॉक्टरीणबाईपुढे आल्या. त्यांच्या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

मला या ठिकाणी वैद्यकाचा एक नियम दिसतो. कोणाला औषध मिळते हे पुष्कळ अंशी औषध कोण देतो यावर अवलंबून असते. रोग्याची भाषा, लाज, भीती ज्यास कळत नाहीत, त्याच्या पेटीतील उत्तम औषधही पेटीतच राहते. हा नियम केवळ आपल्या देशापुरता नाही. अमेरिकेत १८४० नंतरच्या दशकात सिम्स नावाच्या शल्यवैद्याने स्त्रीरोगावरील शस्त्रक्रिया सिद्ध केली ती गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर, गुंगीचे औषध न देता, पुनःपुन्हा कापून. त्यांतील अनार्का, बेट्सी, ल्युसी एवढी तीनच नावे उरली आहेत. सिम्सचा न्यूयॉर्कमधील पुतळा २०१८ साली हलवण्यात आला. पण त्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण आजही गोऱ्या स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आहे. पुतळा हलवणे सोपे, प्रमाण हलवणे कठीण.

सुरतेलाही आपला धडा पुन्हा गिरवावा लागला. १९९४ च्या सप्टेंबरात तेथे पुन्हा प्लेगची हाक उठली. वेड रोड, कतारगाम या बाजूच्या श्रमिक वस्त्यांवर त्याचा घाला पडला. लाखो माणसे शहर सोडून पळाली. त्यांत पुष्कळ खाजगी डॉक्टरही होते. ज्यांना जाण्यास जागा नव्हती आणि भाड्यास पैसे नव्हते, ते बहुधा परप्रांतीय मजूर, सरकारी रुग्णालयाच्या आणि तेथे टिकून राहिलेल्या तरुण डॉक्टरांच्या आधाराने राहिले. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहर झाडून काढले आणि सुरतेची कीर्ती स्वच्छ शहर म्हणून झाली. मला मात्र त्या साथीचे नाव निघाले की त्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी गाव न सोडता राहिलेल्या एका बाईची आठवण होते.

रखमाबाईंनी १९१८ साली सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेतील जागा नाकारली आणि त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात गेल्या. तेथून १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईस परतल्या आणि उतारवयातही पडद्याच्या चालीविरुद्ध लिहीत राहिल्या. त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग मनाला चटका लावतो. १९०४ साली दादाजी वारले. ज्या पुरुषाच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग बरा असे त्यांनी म्हटले होते, त्याच्या निधनानंतर त्या विधवेप्रमाणे पांढरे लुगडे नेसू लागल्या, असे सांगतात. कोणी यास विसंगती म्हणेल. मला तीत विसंगती दिसत नाही. धर्माचे बंधन त्यांनी कधी झुगारले नव्हते. न विचारता आपल्यावर कोणी हक्क सांगावा, एवढेच त्यांना अमान्य होते. जे स्वतःच्या इच्छेने पाळले ते व्रत, आणि जे हुकमाने लादले जाते ती शिक्षा, हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

हुकूम मोडणाऱ्या पत्नीस तुरुंगात घालण्याची तरतूद आपल्याकडे १९२३ साली गेली. इंग्लंडने तर १९७० साली तो दावाच रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात मात्र नवव्या कलमाच्या रूपाने तो आला. हा कायदा १९५५ च्या मे महिन्यात अंमलात आला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, नव्वद वर्षांच्या रखमाबाईंनी मुंबईस देह ठेवला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. याच कायद्याने घटस्फोटाचा मार्गही खुला केला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. रखमाबाईंना तो सत्तर वर्षे आधी हवा होता.

देशात बाळंतपणातील मातामृत्यूंचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे २००४ ते २००६ या काळात २५४ होते ते २०१८ ते २०२० या काळात ९७ वर आले. ही प्रगती लहान नव्हे. तरी एका गोष्टीने मी अस्वस्थ होतो. एका देवस्थानाच्या वैद्यकीय साहाय्यनिधीचे अर्ज तपासण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. एकदा सहज म्हणून मी अर्जांना जोडलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तारीखवार लावल्या. घरच्या कर्त्या पुरुषाचा अर्ज बहुधा दुखणे सुरू झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या महिन्यात आलेला. स्त्रीचा अर्ज आला तो बहुधा दुखणे हाताबाहेर गेल्यावर. आणि त्यावर कारण लिहिलेले, 'आधी अंगावर काढले'. अर्ज नामंजूर कोणीच केला नव्हता. आम्ही समितीतील सारे पुरुष, दोघांनाही सारखीच रक्कम देत होतो आणि समदृष्टी राखल्याचे समाधान मानीत होतो.

आता आम्ही अर्जाच्या नमुन्यात एक ओळ वाढवली आहे: दुखणे प्रथम केव्हा जाणवले आणि डॉक्टरांकडे प्रथम केव्हा नेले. समितीवर दोन स्त्रिया घेतल्या आहेत. अर्ज घेऊन येणाऱ्या बायका त्यांच्याशी ओसरीवर बसून बोलतात, आणि आम्हाला कागदावरून कधीच न कळलेल्या गोष्टी त्यांना अर्ध्या तासात कळतात.